'तेल सापडले' म्हणजे नेमके काय? : मुंबई हायखालच्या शेल खडकाची कहाणी आणि आपला धंदा

वर्षा-दोन वर्षांनी वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास येतो : 'समुद्रात तेलाचा प्रचंड साठा'. तो वाचला की साकीनाक्याच्या गाळ्यांतून आणि कुर्ला-घाटकोपरच्या वर्कशॉपांतून चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, आता समुद्रातल्या कामाच्या ऑर्डरी वाढणार, आणखी एक लेथ टाकावी. कोणी म्हणतो, तेल कंपनीचे शेअर आताच घ्यावेत. एखादा बाप मुलाला विचारतो, रिगवर नोकरी मिळेल का, एजंटाला पैसे भरू का? हे प्रश्न आमच्याकडेही येतात. कर्ज काढून यंत्र घ्यायचे की नाही, घरची बचत कुठे ठेवायची, मुलाला काय शिकवायचे, हे निर्णय एका मथळ्यावर ठरू लागले तर नुकसान ठरलेले आहे. म्हणून या अंकात आम्ही जरा खोलात जाऊन, अगदी समुद्राच्या तळाखाली दोन-तीन किलोमीटर जाऊन, तेल मुळात कोठून येते ते सांगणार आहोत. ते कळले की 'सापडले' या शब्दाची किंमत आपोआप कळते.

अंधेरीच्या डोंगरापासून सुरुवात

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या दगडाचा सुळका आहे. सुमारे २०० फूट उंचीचे हे उभे खांब अंधेरीकरांच्या रोजच्या पाहण्यातले आहेत. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन जो काळा बेसाल्ट तयार झाला, त्यातलाच हा एक भाग. साऱ्या उपनगरांचा पाया याच जातीच्या कातळाचा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या टेकड्या, मुलुंडमागचे डोंगर, घाटकोपरच्या टेकड्या, सगळे एकाच खानदानाचे.

हा कातळ किनाऱ्यावर संपत नाही. तो पश्चिमेला समुद्राखाली जातो आणि तिथे मोडून, खचून, कुठे वर तर कुठे खाली असा पसरलेला आहे. जिथे तो खाली खचला तिथे खोलगट भाग तयार झाले. जिथे तो वर राहिला तिथे उंचवटे राहिले. मुंबई हाय हा असाच एक उंचवटा. 'हाय' हा शब्द त्यावरूनच आला. पुष्कळांना वाटते की समुद्रात तेलाचे तळे आहे आणि वर पाइप लावला की झाले. तसे काही नसते. तळाखाली खडकच आहे, आणि तेल खडकाच्याच बारीक छिद्रांत, स्पंजात पाणी असावे तसे भरलेले असते.

शेल म्हणजे काय?

शेल म्हणजे चिखलाचा दगड. ओढ्या-नद्यांनी आणलेला अगदी बारीक गाळ संथ पाण्यात बसतो, त्यावर आणखी गाळ बसतो, वरच्या वजनाने खालचा दाबला जातो, पाणी निघून जाते आणि पातळ पापुद्र्यांचा खडक तयार होतो. नखाने किंवा सुरीने त्याचे पदर सुटतात. असा शेल आपल्या उपनगरांतही सापडतो. जोगेश्वरीजवळच्या आंबोली खाणीत आणि शहरात वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यातल्या गाळाचे थर मिळाले आहेत. वरळीच्या थरांत बेडकांचे अश्म अवशेष सापडले आणि एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद झाली. पण हे थर गोड्या पाण्यातले आणि लहान. त्यांतून तेलाचा धंदा उभा राहत नाही.

धंद्याच्या कामाचा शेल हा वेगळा. तो काळा किंवा गर्द करडा असतो, कारण त्यात जीवांचे अवशेष भरपूर अडकलेले असतात. समुद्राच्या वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी अब्जावधींनी जगतात आणि मरतात. मेलेले तळाशी जातात. तळाच्या पाण्यात प्राणवायू असेल तर ते कुजून नाहीसे होतात, काही उरत नाही. पण आडोशाच्या, संथ आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात ते पुरते कुजत नाहीत, गाळाबरोबर गाडले जातात. खाडीतला काळा, वास मारणारा चिखल आपण ठाण्याच्या खाडीत किंवा मालाडच्या खाडीत पाहिलेला आहे. त्याच प्रकारचा चिखल कोट्यवधी वर्षे दबत गेला की काळा शेल होतो.

खडकाच्या वजनात शंभरात एक-दोन भाग असा सेंद्रिय कार्बन असला तरी भूशास्त्रज्ञ त्याला चांगला उगमाचा खडक म्हणतात. अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला तर सहसा त्याच्याकडे पाहत नाहीत. म्हणजे शंभर किलो दगडात किलो-दोन किलोचा ऐवज. मात्र असा दगड शेकडो मीटर जाड आणि हजारो चौरस किलोमीटर पसरलेला असला, तर तेवढ्यावर राज्ये उभी राहतात.

आपल्या समुद्रातला पन्ना शेल

मुंबईच्या समुद्रात या उगमाच्या थराला 'पन्ना फॉर्मेशन' असे नाव आहे. लाव्हा थंड झाल्यावर, साधारण साडेसहा ते पाच कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, खचलेल्या भागांत समुद्र हळूहळू आत शिरू लागला. किनाऱ्यालगत दलदली होत्या, खाड्या होत्या, नद्यांची मुखे होती. तिथे वाळू, चिखल आणि झाडपाल्याचे थर एकावर एक बसले. म्हणून पन्ना थरात शेल आहे, वालुकाश्म आहे आणि मधूनमधून कोळसाही आहे. त्यातला सेंद्रिय माल मिश्र आहे : काही समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा, काही जमिनीवरच्या झाडांचा. समुद्री मालातून तेल जास्त सुटते, झाडांच्या मालातून वायू जास्त. आपल्या समुद्रातून तेल आणि वायू दोन्ही का निघतात, याचे एक मोठे कारण हेच.

मुंबई हायच्या ईशान्येला 'सुरत खोलगट भाग' म्हणून ओळखली जाणारी जागा आहे. इतर बाजूंनाही असे खोलगट भाग आहेत. पन्ना शेल जाड आहे तो या खोलगट भागांत. खुद्द मुंबई हायच्या माथ्यावर तो फारसा नाही. इथेच वाचक विचारतील, मग तेल मुंबई हायवर कसे? त्यासाठी स्वयंपाकघरात जावे लागेल.

देग, दम आणि झाकण

बिर्याणीची देग ज्यांनी लावली आहे त्यांना हे चटकन समजेल. कच्चा माल देगेत भरला म्हणून बिर्याणी होत नाही. झाकणाला कणीक लावून, बेताच्या आचेवर, ठरावीक वेळ दम द्यावा लागतो. आच कमी पडली तर कच्चे राहते, जास्त झाली तर करपते. तेलाचे अगदी तसेच आहे. भूशास्त्रज्ञसुद्धा अशा जागेला 'किचन' म्हणतात.

गाळात गाडलेल्या अवशेषांचे आधी केरोजेन नावाच्या घट्ट पदार्थात रूपांतर होते. जमिनीत खोल जावे तशी उष्णता वाढते, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. आपल्या पश्चिम किनारपट्टीत ती काहीशी जास्तच आहे. ठाणे आणि पालघरकडचे वज्रेश्वरी-अकलोलीचे गरम झरे सर्वांना ठाऊक आहेतच. उष्णता ६० अंशांच्या पुढे गेली की केरोजेनचे तुकडे पडून तेल सुटू लागते. सुमारे १२० अंशांपर्यंत तेलाचा हंगाम असतो. त्याच्या वर गेले की तेलही फुटते आणि वायू होतो. या कामाला लाखो-कोट्यवधी वर्षे लागतात. तेवढा दम फक्त अल्लाहच्या कारखान्यातच देता येतो.

आता तेल तयार झाले. पण शेलची छिद्रे इतकी बारीक की त्यातून ते सहज हलत नाही. दाबामुळे थोडे थोडे बाहेर ढकलले जाते आणि पाण्यापेक्षा हलके असल्याने भेगांतून, वाळूच्या थरांतून वर-वर, उंचवट्याकडे सरकत जाते. म्हणजे शिजते सुरतेच्या खोलगट भागात आणि जमा होते मुंबई हायच्या उंचवट्यावर. तिथे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे. तेल उद्योगातली मंडळी त्याला 'एल-थ्री' म्हणतात. त्यात भरपूर छिद्रे आहेत, त्यात तेल साठले. वर पुन्हा शेलचाच एक थर आहे. तो तेल शिजवत नाही. तो देगेच्या झाकणासारखा तेल अडवून धरतो.

लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी चार. उगमाचा खडक हवा, साठ्याचा खडक हवा, झाकण हवे आणि अडवणारा उंचवटा हवा. शिवाय सगळे वेळेवर घडायला हवे. उंचवटा आणि झाकण तयार होण्याआधीच तेल वाहून गेले तर हाती काही लागत नाही. चारपैकी तीन असून चौथी नसल्यामुळे कोरड्या गेलेल्या विहिरी जगभर पुष्कळ आहेत.

सौदीशी तुलना

आपल्या कोकणातली किती तरी कुटुंबे दम्माम, अल-खोबर, कुवेत इथल्या कमाईवर उभी राहिली. तिथले तेल असे अफाट का? तिथेही मूळ कहाणी हीच आहे. ज्युरासिक काळात त्या भागात उथळ, बंदिस्त समुद्र होता. त्याच्या तळाशी सेंद्रिय मालाने भरलेला चुन्याचा चिखल बसला. त्याच्यावर छिद्रांचा चुनखडक आला आणि त्यावर अनहायड्राइट या क्षाराचे घट्ट झाकण बसले. घवारचे प्रचंड क्षेत्र अशा मांडणीवर उभे आहे. तिथला उगमाचा माल जवळजवळ सगळा समुद्री, पसारा फार मोठा आणि झाकण पक्के. आपल्याकडे माल मिश्र, खोलगट भाग लहान आणि तुटक. त्यामुळे 'भारताचे सौदी' वगैरे मथळे वाचताना हा फरक विसरू नये. देणारा एकच आहे, पण प्रत्येक ठिकाणचे माप वेगळे आहे.

मुंबई हायचा हिशेब

१९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने खंबायतच्या आखातात आणि त्याच्या दक्षिणेला भूकंपलहरींची पाहणी झाली आणि हा उंचवटा नकाशावर आला. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या रिगने तेथे तेल शोधून काढले. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात. म्हणजे शोधापासून पहिल्या तेलापर्यंत फक्त सव्वादोन वर्षे. एवढी घाई सहसा कुठे जमत नाही. हल्ली समुद्रातल्या शोधाला उत्पादनापर्यंत पोचायला सात-दहा वर्षे लागणे नवल मानले जात नाही. पुढे वसई, हीरा, पन्ना, मुक्ता, ताप्ती ही क्षेत्रे आली. तेल आणि वायू उरणला येऊ लागले. वसईच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असल्याने तो सुरतजवळच्या हजिऱ्याला शुद्ध होतो.

१९८९ च्या सुमारास मुंबई हायचे उत्पादन शिखरावर होते, दिवसाला चार लाख बॅरलहून अधिक. त्यानंतर उतार लागला. साठ्याच्या खडकातला दाब कमी झाला की तेल आपोआप वर येत नाही. दाब राखण्यासाठी समुद्राचे पाणी आत सोडावे लागते आणि मग काही वर्षांनी तेलाबरोबर तेच पाणी जास्त येऊ लागते. २००० नंतर पुनर्विकासाच्या मोठ्या योजना झाल्या. २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीने मुंबई हायचे उत्पादन सुधारण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवेचे काम दिले. पन्नास वर्षांचे हे क्षेत्र आता म्हातारे झाले आहे. पण संपलेले नाही.

'साठा' आणि 'हाती येणारे' यात जमीन-अस्मानाचा फरक

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बातमीत जो आकडा येतो तो बहुतेक वेळा 'जागेवर असलेल्या' तेला-वायूचा असतो. त्यातले हाती किती येईल हा वेगळाच आकडा. चांगल्या चुनखडकातून जगभर सरासरी एक-तृतीयांशाच्या आसपास तेल काढता येते. बाकीचे खडकालाच चिकटून राहते. आणि खुद्द शेलमधून काढायचे म्हटले तर शंभरातले पाच-दहा भागही मुश्किलीने येतात.

याचे एक मोठे उदाहरण आपल्या देशातलेच आहे. २००५ मध्ये गुजरात सरकारच्या जीएसपीसी कंपनीच्या कृष्णा-गोदावरी समुद्रातल्या क्षेत्रात २० लाख कोटी घनफूट वायू असल्याचे जाहीर झाले. देशभर गाजावाजा झाला. पुढे विकासाचा आराखडा मंजूर झाला तेव्हा आकडा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होता. हजारो कोटींचे कर्ज झाले आणि २०१७ मध्ये त्या क्षेत्रातला ८० टक्के हिस्सा ओएनजीसीला विकावा लागला. सरकारी कंपनीला कोणी तरी सावरून घेते. साकीनाक्याच्या गाळेवाल्याला कोण सावरणार?

आमच्या शरीअतच्या व्यापारनियमांत 'घरर' नावाची गोष्ट आहे. जे हातात नाही, किती आहे माहीत नाही, मिळेल की नाही ठाऊक नाही, त्याचा सौदा करू नये. फिकहच्या पुस्तकांत त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे पाण्यातली न पकडलेली मासळी. तेलाच्या बातमीवर उद्याच्या ऑर्डरीचा हिशेब मांडणे हे त्याच जातीचे आहे. फरक एवढाच, की ही मासळी समुद्राच्याही खाली दीड-दोन किलोमीटरवर आहे. कोणता शेअर घेणे जाइज, कोणता नाही, हे उलेमांना विचारावे. तो अधिकार आमचा नाही. पण व्यवहार म्हणूनही हा नियम किती शहाणपणाचा आहे ते वरच्या उदाहरणावरून दिसते.

शेलमधूनच थेट का काढत नाहीत?

अमेरिकेत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उगमाच्या शेलमधूनच तेल आणि वायू काढण्याची रीत जमली. विहीर आधी सरळ खाली, मग आडवी नेतात. पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने सोडून खडक फोडतात. त्या भेगांतून अडकलेला माल बाहेर येतो. यामुळे अमेरिका जगातला सर्वांत मोठा तेल उत्पादक देश झाली. मग आपल्याकडे का नाही?

आपल्याकडे प्रयत्न झाले. २०११ मध्ये ओएनजीसीने पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ शेलमधून वायू काढून दाखवला. २०१३ मध्ये केंद्र सरकारने शेलचे धोरण जाहीर केले आणि गुजरातेत खंबायत शेलवर विहिरी खणल्या गेल्या. हा खंबायत शेल आपल्या पन्ना शेलचा शेजारीच म्हणावा. अंकलेश्वरचे तेल त्यातूनच आलेले आहे. पण धंदा म्हणून हे काम उभे राहिले नाही. कारणे समजण्यासारखी आहेत.

एक तर अशा एका विहिरीला एक-दोन कोटी लिटर पाणी लागते, कधी त्याहूनही जास्त. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एक-दोन हजार टँकर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या वस्त्यांना या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. दुसरे, शेलमधल्या विहिरीचे उत्पादन पहिल्या वर्षातच झपाट्याने घसरते. मग पुन्हा नवी विहीर, पुन्हा नवी. अमेरिकेत हजारो विहिरी आहेत, मोकळी जमीन आहे, रिगचा बाजार मोठा आहे. तिसरे, ज्या शेलमध्ये चिकणमाती जास्त तो ठिसूळ नसतो, फुटत नाही, नुसता दबतो. आणि हे सगळे समुद्रात करायचे म्हणजे खर्च कित्येक पटींनी वाढला. समुद्रातली एकेक विहीर शेकडो कोटींची. म्हणून मुंबईच्या समुद्रातला शेल आज तरी 'शिजवणारा' म्हणूनच उपयोगाचा आहे, 'खणण्याचा' म्हणून नाही. 'मुंबईच्या समुद्रात शेलचा खजिना' असे कोणी सांगू लागला तर हे ध्यानात असू द्यावे.

तरीही या शेलचा अभ्यास फार मोलाचा आहे. शेल कुठे जाड, कुठे किती शिजला, त्यातून सुटलेले तेल कोणत्या वाटेने गेले, हे कळले तरच नवी विहीर कुठे खणायची ते ठरते. शेलचा तुकडा प्रयोगशाळेत तापवून त्यातून किती हायड्रोकार्बन सुटते ते मोजतात. २०२३ मध्ये मुंबईच्या समुद्रात 'अमृत' आणि 'मूंगा' असे दोन शोध ओएनजीसीने जाहीर केले. अजून शिल्लक आहे, हे त्यावरून दिसते. फक्त ते पूर्वीसारखे एका जागी मोठे नाही, लहान लहान आहे.

मग आपल्या उपनगरांच्या धंद्याचे काय?

पहिली गोष्ट कारखानदारांसाठी. शोध लागल्याच्या बातमीने स्थानिक गाळ्यांना लगेच काम मिळत नाही. शोधाच्या टप्प्यात लागतात रिग, सर्व्हेची जहाजे आणि तज्ज्ञ. ती बहुतेक भाड्याने आणलेली असतात. विकासाच्या टप्प्यात प्लॅटफॉर्म आणि पाइपलाइनची मोठी कामे मोठ्या यार्डांकडे जातात. त्यातली उपकंत्राटे थोडीफार खाली येतात. खरे रोजचे काम असते ते उत्पादनाच्या टप्प्यात : व्हॉल्व्हची दुरुस्ती, फ्लँज, गास्केट, नट-बोल्ट, पंपाचे भाग, रंगकाम, गंजाविरुद्धचे उपाय, मचाण, केटरिंग, कपडे. आणि क्षेत्र जितके जुने तितकी दुरुस्ती जास्त. खारे पाणी, हायड्रोजन सल्फाइड आणि पन्नास वर्षांचे लोखंड. म्हणजे आपल्या गाळ्यांचे हित 'नवा प्रचंड साठा' या मथळ्यात कमी आणि म्हाताऱ्या मुंबई हायच्या देखभालीत जास्त आहे. कर्ज काढायचेच असेल तर ते प्रमाणपत्र, चाचणीची साधने आणि ठरलेल्या दर्जाचे पोलाद यांसाठी काढावे. व्याजाच्या प्रश्नावर ज्याने त्याने आपल्या दीनाचा सल्ला घ्यावा.

हंगामाचेही भान ठेवावे. समुद्रात बांधणीची कामे पावसाळ्यानंतर सुरू होतात आणि मे अखेरीस थांबतात. माल त्याआधी तयार हवा. सरकारी कंपन्यांनी खरेदीतला २५ टक्के भाग सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा असा नियम आहे. पूर्वी तो २० टक्के होता, २०१८ मध्ये वाढला. उद्यम नोंदणी नसेल तर हा लाभ मिळत नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळायला हवेत. हे कागद ज्याच्या फाइलीत आहेत त्याचे बिल अडले तर त्याला दाद मागता येते. तोंडी सौद्यावर माल देणाऱ्याला ती सोय नाही.

दुसरी गोष्ट रिक्षावाल्या बांधवांसाठी. उपनगरांतल्या रिक्षा सीएनजीवर चालतात आणि त्यातला मोठा वाटा याच समुद्रातल्या वायूचा. महानगर गॅस कंपनी १९९५ पासून हे काम करते आहे. जुन्या क्षेत्रांच्या स्वस्त वायूचा भाव २०२३ च्या एप्रिलपासून कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के असा बांधला गेला, त्यावर वरची मर्यादाही घातली. पण जुनी क्षेत्रे आटत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शहरांच्या गॅस कंपन्यांना मिळणारा स्वस्त वायू कमी केला गेला आणि तूट महाग वायूने भरावी लागली. सीएनजीचा भाव वाढला की तो पंपवाल्याने वाढवला असे वाटते. खरे म्हणजे त्याची एक मुळी सुरतेच्या खोलगट भागातल्या त्या काळ्या शेलपर्यंत गेलेली असते.

तिसरी गोष्ट बचत करणाऱ्यांसाठी. तेल कंपनीच्या शेअरचा भाव एका शोधावर ठरत नाही. जगातला कच्च्या तेलाचा भाव आणि सरकारचे धोरण यांवर जास्त ठरतो. २०२२ च्या जुलैत देशी तेलावर जादा नफ्याचा कर लागला, २०२४ च्या डिसेंबरात तो उठला. भूशास्त्राशी त्याचा काही संबंध नव्हता.

चौथी गोष्ट पालकांसाठी. समुद्रातली नोकरी चांगली आहे, पण सोपी नाही आणि धोक्याची आहे. २००५ च्या जुलैत मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मला आग लागून माणसे गेली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि ७० हून अधिक कामगार मृत्यू पावले. त्यांतले पुष्कळ कंत्राटी होते. म्हणून मुलाला पाठवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : समुद्रात जगण्याचे आणि हेलिकॉप्टरमधून सुटकेचे प्रशिक्षण झाले आहे का, विमा कोणाच्या नावावर आणि किती, आणि नेमणुकीचे पत्र कोणत्या कंपनीचे. जो एजंट पत्राआधी पैसे मागतो त्याला लांबूनच सलाम करावा. शिकणाऱ्या मुलांसाठी वाट जवळच आहे. मुलुंड, कुर्ला, बोरिवली येथील आयटीआयमधून फिटर-वेल्डर होऊन पुढे वेल्डिंगच्या तपासणीचे शिक्षण घेता येते. विज्ञानात हुशार असेल त्याने भूशास्त्राची पदवी घेऊन पवईच्या आयआयटीच्या भूविज्ञान विभागाची प्रवेशपरीक्षा द्यावी. आपल्या समाजात डॉक्टर-इंजिनीअरच्या पलीकडे पाहण्याची सवय अजून कमी आहे. हे शेलचे शास्त्र शिकलेली आपली मुले फारच थोडी.

बातमी वाचताना विचारायचे पाच प्रश्न

शेवटी, पुढच्या वेळी 'तेल सापडले' असे वाचाल तेव्हा एवढे विचारा. एक, आकडा जागेवरच्या साठ्याचा की हाती येणाऱ्याचा? दोन, किती विहिरी खणून पाहिल्या, एक की अनेक? तीन, विहिरीतून प्रत्यक्ष किती दिवस, किती तेल वाहिले? चार, पाणी किती खोल आणि जवळ पाइपलाइन आहे का? पाच, विकासाचा आराखडा मंजूर झाला आहे का? पाचही उत्तरे मिळाली तर मग यंत्राचे कोटेशन मागवावे. मिळाली नाहीत तर आहे ते यंत्र तेलपाणी करून चालू ठेवावे.

जमिनीच्या पोटातली दौलत ही अल्लाहची अमानत आहे. ती तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागली आणि आपण तिचा मोठा भाग दोन पिढ्यांत उपसला. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. म्हणून जे आपल्या दाराशी आहे ते जपून वापरणे आणि त्याच्यावर चालणारा धंदा डोळे उघडे ठेवून करणे, दोन्ही आपल्याच फायद्याचे. पुढील अंकात, इन्शाअल्लाह, लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांची दाद कोठे आणि कशी मागायची याची माहिती देऊ. वाचकांनी आपले प्रश्न जरूर कळवावेत.